उड्या थांबल्या, पण कशामुळे?

मॉर्फिनचं अवलंबन (शरीराला त्याची गरज लागणं) जडणं वेगळं आणि मॉर्फिन तुटताना होणारे हाल वेगळे. प्रयोगातल्या उंदरांत हे हाल उड्या मोजून पाहतात. एम. फार्म.च्या प्रबंधांत बरेचदा दोन्ही एकाच वाक्यात उरकतात, आणि निष्कर्ष तिथेच घसरतो.

चाचणीचं औषध मॉर्फिनबरोबर रोज दिलं, तर ते अवलंबन जडायलाच अडवतं का ते कळतं. शेवटी नॅलॉक्सोनच्या (मॉर्फिनचा परिणाम झटक्यात तोडणाऱ्या औषधाच्या) आधी एकदाच दिलं, तर हाल शमतात का एवढंच. चंडीगढच्या कुलकर्णी आणि निनान यांचं अश्वगंधेवरचं 1997चं काम पहिल्या प्रकारचं: माइसना (छोट्या उंदरांना) 9 दिवस 100 मि.ग्रॅ./किलो, दहाव्या दिवशी नॅलॉक्सोन 2 मि.ग्रॅ./किलो, आणि उड्या घटल्या. असा प्रयोग करताना फक्त शेवटच्या दिवशी औषध मिळालेला एक गट ठेवाच. नाहीतर अंगात उरलेल्या औषधानेच उड्या दाबल्या नाहीत कशावरून?

क्लोनिडीन हे औषध दुसऱ्या प्रकारचं. मॉर्फिनच्या दाबाखाली राहिलेल्या लोकस सेरुलियस या मेंदूतल्या भागाच्या पेशी नॅलॉक्सोन मिळताच उसळतात. क्लोनिडीन त्याच पेशींना अल्फा-2 रिसेप्टरवरून ब्रेक लावतं. त्याचंच भावंड लोफेक्सिडीन. त्याला अमेरिकेत 2018 साली माणसांसाठी मंजुरी मिळाली. 2017 साली गाऊटवरच्या जुन्या प्रोबेनेसिड या औषधाने उंदरांचे हाल कमी केले, तेही वेदनाशमन न बिघडवता. तिथे लक्ष्य होतं मायक्रोग्लिया या मज्जासंस्थेतल्या संरक्षक पेशींवरचं पॅनेक्सिन-1 हे प्रथिन.

आता प्रत्यक्ष काम. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आणि मॉर्फिनचा परवाना हातात आल्याशिवाय सुरुवात नको. माइससाठी चालणारी एक पद्धत: दिवसातून दोनदा पोटात इंजेक्शन, 5 दिवसांत 10पासून 50 मि.ग्रॅ./किलोपर्यंत चढवत. आकारमान 10 मि.लि./किलो कायम ठेवा, द्रावणाची तीव्रता बदला: 25 ग्रॅमच्या उंदराला नेहमी 0.25 मि.लि., द्रावण 1 ते 5 मि.ग्रॅ./मि.लि. डोस क्षाराचा (सॉल्ट) की बेसचा (नुसतं मॉर्फिन) हे वहीत लिहाच; मॉर्फिन सल्फेट पेंटाहायड्रेटमध्ये मॉर्फिन साधारण 75 टक्केच असतं.

पहिल्या दिवशी शेपटीकडे बघा. इंजेक्शन नीट पोहोचलं की ती पाठीवर ताठ, इंग्रजी एससारखी उभी राहते. एकाच उंदराची शेपूट लोळत असेल, तर सुई बहुधा आतड्यात किंवा मूत्राशयात गेली.

सहाव्या सकाळी शेवटचा डोस, 2 तासांनी नॅलॉक्सोन, आणि उंदीर लगेच उंच काचेच्या नळकांड्यात, खाली गाळणकागद. 30 मिनिटं मोजा. चारही पाय जमीन सोडतील तेव्हाच उडी. भिंतीला टेकून उभं राहणं उडी नव्हे. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. वजन आधी आणि तासाभराने घ्या. जुलाबांचा हिशेब त्यातच लागतो. रॅटमध्ये (मोठ्या उंदरांत) उड्यांवर विसंबू नका, तिथे ओल्या कुत्र्यासारखं अंग झाडणं आणि दात वाजणं मोजतात.

सगळ्यात मोठी फसगत सुस्तीची. गुंगीतला उंदीरही उड्या मारत नाही. म्हणून त्याच डोसवर, मॉर्फिन न दिलेल्या उंदरांची रोटारॉड चाचणी (फिरत्या दांडीवर तोल सांभाळणं) हवीच. दुसरी फसगत अधिक छुपी: चाचणीचं औषध मेंदूत मॉर्फिन कमी पोचू देत असेल, तरी अवलंबन कमी दिसतं. पहिल्याच दिवशी टेल-फ्लिक (उष्णता लागल्यावर शेपूट किती वेळाने हलते ते पाहणारी वेदना-चाचणी) करा. वेदनाशमनही घटलेलं दिसलं, तर मॉर्फिनची रक्तातली आणि मेंदूतली पातळी मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.