दादरला राहायला जावं का?

"दादरला घर बघतोय, पण तिथली गर्दी रोज सोसवेल का?" बाहेरून मुंबईत येणारे आणि डोंबिवली-बोरिवलीहून परत आत सरकू पाहणारे, दोघेही हेच विचारतात.

गर्दी आहेच, पण ती एका पट्ट्यात आहे. पश्चिमेला स्टेशनातून उतरलं की तुळशी पाइप रोड, डिसिल्व्हा रोड, रानडे रोडचा सुरुवातीचा भाग आणि कबुतरखान्यापर्यंतच्या गल्ल्या, इथे माणूस चालत नाही, ढकलला जातो. गोखले रोड ओलांडून शिवाजी पार्काच्या बाजूला आतल्या गल्लीत शिरा, दुपारी तीनला कुकरची शिट्टी ऐकू येईल. म्हणून दादरमध्ये घर नव्हे, गल्ली शोधायची.

ती शोधायला दलालाच्या सोयीने सकाळी अकराला जाऊ नका. पहाटे पाचला जा. स्टेशनजवळच्या फुलबाजारात तेव्हा टेम्पो रिकामे होत असतात, तुळशी पाइप रोडला पुलाखाली घाऊक भाजी उतरते. हमालांच्या हाका आणि गाड्यांचे हॉर्न पहिल्या-दुसऱ्या मजल्यापर्यंत स्पष्ट येतात. झोप सावध असेल तर हा पट्टा सोडाच. पण फुलांची आवड असेल तर यासारखी जागा नाही! फक्त पावसाळ्यात आणि दसऱ्याला झेंडू घेताना फूल उलटं करून देठाशी बघा. तिथे काळपट, ओलसर दिसलं तर संध्याकाळपर्यंत सडतं, आणि किलोमागे तुम्ही पाण्याचे पैसे भरता.

शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं. सुमारे २८ एकरांचं मैदान आणि भोवतीचा कट्टा ही दादरकरांची खरी बैठकीची खोली. समोरचं घर मिळालं तर भाग्यच, पण मैदानात टाकलेली लाल माती कोरड्या दिवसांत उडते आणि खिडक्या, पडदे, कपडे लालसर होतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं अभिवादनाला येतात. आधीचे एक-दोन दिवस धरून कॅडल रोडच्या परिसरात वाहनबंदी असते, म्हणून गाडीची कामं आधी उरकावीत. त्या दिवसांत मैदानातल्या पुस्तकांच्या स्टॉलांवरून मात्र जरूर फिरावं. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. या वस्तीचं इतकं सुंदर रूप वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी दिसत नाही.

पूर्वेची गोष्ट वेगळी. १८९६च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भाग आखून वसवला. सरळ गल्ल्या, झाडं, इमारतींमधली मोकळी जागा ही त्याची देणगी. हिंदू कॉलनीत ती अजून उपभोगता येते. पारशी कॉलनीत 'फाइव्ह गार्डन्स' या पाच बागांपर्यंत फिरायला जावं, घर मात्र बहुतेक इमारतींत पारशांनाच मिळतं.

पूर्वेलाच दक्षिणेकडे सरकलात तर हिंदमाता. हा भाग बशीसारखा खोलगट. जोराचा पाऊस आणि समुद्राला मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी समुद्राकडे ओढलं जात नाही आणि बशी भरते. महापालिकेने जमिनीखाली साठवण टाक्या बांधल्यावर पाणी लवकर ओसरू लागलं, पण भिंत खोटं बोलत नाही. तळमजल्याचं घर असेल तर जिन्याखालच्या भिंतीवर ओलीची रेघ आणि विजेचा मीटर किती उंचावर बसवलाय, हे दोन्ही बघा.

पूर्व-पश्चिम पायी जायला रेल्वेचे पूल आहेत. गाडीला टिळक पूल, आणि परळचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५मध्ये पाडकामासाठी बंद झाल्यावर त्याचाही भार याच्यावर आला. तेव्हा मुलांची शाळा ज्या बाजूला, घर त्याच बाजूला घ्या. स्टेशनात जुनी सवय विसरा: डिसेंबर २०२३पासून १ ते ७ फलाट पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. भुयारी मेट्रोही मे २०२५पासून दादरला थांबते, त्यामुळे बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात जाणाऱ्यांची मोठी सोय झाली.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती भाड्याच्या कागदांत. जुन्या तीन-चार मजली इमारती बऱ्याचदा पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन पुढे नाममात्र भाड्याने कायम राहण्याच्या असतात. घर दाखवणारा मालक नसून पागडीचा भाडेकरू असेल, तर इमारतमालकाची लेखी संमती मागा. ती नसेल तर तुमचं राहणं बेकायदा पोटभाडं ठरू शकतं. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत असेल, तर म्हाडा (सरकारी गृहनिर्माण संस्था) पावसाळ्यापूर्वी जाहीर करते त्या अतिधोकादायक इमारतींच्या यादीत तिचं नाव आहे का, ते पाहा. पुनर्विकास ठरला तर नव्या घराचा हक्क पागडीवाल्याचा. लिव्ह अँड लायसन्सवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर राहणाऱ्याला, सामान उचलावं लागतं. म्हणून घर रिकामं करायला किती महिन्यांची सूचना मिळेल आणि अनामत किती दिवसांत परत होईल, हे करारात लिहून घ्या. करार नोंदणीकृतच हवा. तो होईपर्यंत टोकनच्या पुढे एक रुपयाही देऊ नका.