वजन आणि भविष्य

रेल्वेच्या फलाटावर पूर्वी वजनाची यंत्रं असायची. चौथऱ्यावर उभं राहिलं की रंगीत दिवे लुकलुकायचे, काचेमागचं चाक गरगरायचं, आणि ते थांबल्यावर नाणं टाकलं की खट्‌ आवाज होऊन पुठ्ठ्याचं चिमुकलं तिकीट खाली पडायचं. त्यावर वजनही छापलेलं आणि भविष्यही. वजनाकडे फारसं कुणी बघत नसे, कारण शेजारच्या यंत्रावर ते तीन किलोंनी बदलत असे. भविष्य मात्र लोक गाडी सुटायची वेळ झाली तरी वाचत उभे राहत. माणसाच्या वजनावरून त्याचं नशीब कसं कळणार, असं तेव्हाही वाटायचं. विश्वाच्या बाबतीत मात्र खगोलशास्त्रज्ञांनी हाच उद्योग कित्येक दशकं अत्यंत गंभीरपणे केला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. विश्व पसरतंय, हे एडविन हबलच्या १९२९ सालच्या मोजमापांपासून सगळ्यांना मान्य झालं. गुरुत्वाकर्षण या पसरण्याला लगाम घालतं. विश्वात पुरेसा ऐवज असेल तर पसरणं एक दिवस थांबेल आणि सगळं उलट्या पावली माघारी येईल; नसेल तर ते पसरतच राहील. सीमारेषा कुठे? घनमीटरमागे हायड्रोजनचे जेमतेम पाच-सहा अणू. एवढ्याशा मालावर अख्ख्या विश्वाचं भवितव्य लटकलेलं, म्हणजे वजन करणं भाग होतं.

पण उभं कशावर करणार? पृथ्वीचं वजन करण्याची पहिली नेटकी युक्ती हेन्री कॅव्हेंडिशनं १७९८ मध्ये लंडनजवळच्या आपल्या घरी केली. बारीक तारेला टांगलेल्या आडव्या दांडीच्या टोकांना शिशाचे दोन छोटे गोळे, आणि त्यांच्याजवळ दीड-दीडशे किलोंचे दोन मोठे गोळे. मोठ्यांनी छोट्यांना किती ओढलं ते बघायचं. अंगाच्या उष्णतेनं हवा हलू नये म्हणून हा गृहस्थ खोलीबाहेर बसून दुर्बिणीतून दांडीकडे बघत असे. स्वभावानं इतका बुजरा, की जेवायला काय करायचं ते मोलकरणीला चिठ्ठी लिहून कळवायचा. त्यानं काढलेली पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट आली. आजचा आकडा ५.५१ आहे. फलाटावरच्या यंत्रांना हे कधी जमलं नाही.

सूर्याचं वजन त्याच्याभोवती फिरणारे ग्रहच सांगतात. जवळचा बुध सेकंदाला ४७ किलोमीटरनं पळतो, लांबचा नेपच्यून पाच-साडेपाचनं रेंगाळतो. दीर्घिकांमध्येही, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांमध्येही, हेच दिसायला हवं होतं. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर असलेल्या देवयानी दीर्घिकेतल्या वायूंचे वेग मोजले आणि १९७० मध्ये प्रसिद्ध केले. कडेचे ढग रेंगाळायला तयारच नव्हते. आतले जितके पळत होते, जवळजवळ तितकेच बाहेरचेही. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनात एवढा वेग सांभाळायची ताकद नव्हती. ते ढग केव्हाच भिरकावले जायला हवे होते. फ्रिट्झ झ्विकी नावाच्या भांडकुदळ माणसानं हे १९३३ मध्येच दीर्घिकांच्या एका समूहाबद्दल सांगितलं होतं. त्याचा आकडा फुगलेला होता, पण दिशा बरोबर होती. ऐकलं फारसं कुणी नाही. रुबिनबाईंचं ऐकलं, पण नोबेल काही दिलं नाही, आणि २०१६ मध्ये त्या गेल्या. समितीच्या अडचणी असतील. मला अजून त्या पटलेल्या नाहीत.

हिशेब जुळत नाही तेव्हा दोन शक्यता असतात: माल कुठेतरी लपलाय, किंवा काटाच खोटा आहे. खगोलशास्त्रानं दोन्ही अनुभव घेतलेत, आणि दोन्ही वेळी माणूस एकच होता. फ्रान्सच्या ल व्हेरिएनं युरेनसच्या वाकड्या चालीवरून न दिसलेला ग्रह कागदावर मांडला. १८४६ मध्ये बर्लिनला दुर्बीण लावली आणि नेपच्यून सापडला. मग बुधाची चाल चुकते म्हणून त्यानं तसाच आणखी एक ग्रह मांडला, त्याला व्हल्कन असं नावही मिळालं. लोकांनी वर्षानुवर्षं शोधला. तो नव्हताच. १९१५ मध्ये आइनस्टाइननं गुरुत्वाकर्षणाचा नियमच नव्यानं लिहिला आणि बुधाचा हिशेब आपोआप सुटला.

मग दीर्घिकांमधला हा न दिसणारा माल, ज्याला डार्क मॅटर म्हणतात, तो नेपच्यून की व्हल्कन? मॉर्डेहाय मिलग्रॉम हे भौतिकशास्त्रज्ञ १९८३ पासून नियमच बदला असं सांगत आले आहेत, आणि त्यांना वेड्यात काढणं सोपं नाही. तरी माझं मत नेपच्यूनच्या बाजूला झुकतं, ते विश्वाच्या बालपणामुळे. (महास्फोटाला ‘बिग बँग’ हे नाव १९४९ मध्ये रेडिओवर देणारे फ्रेड हॉइल आणि त्यांचे शिष्य, आपले जयंत नारळीकर, या दोघांनीही तो सिद्धांत कधी मनापासून स्वीकारला नाही, हेही सांगून ठेवतो.) विश्व पावणेचार-चार लाख वर्षांचं असतानाचा प्रकाश आजही आपल्यापर्यंत पोचतो. त्याच्या तापमानात ठिकठिकाणचा फरक लाखात एक भाग, इतकाच. तोवर साध्या द्रव्याला प्रकाशाचा मारा जमूच देत नव्हता; गोळा व्हायला लागलं की उधळून लावी. प्रकाशाशी देणंघेणं नसलेलं काहीतरी मात्र तेव्हाच निवांतपणे गुरुत्वाकर्षणाचे खड्डे करून बसलं असणार. पुढे साधं द्रव्य त्या खड्ड्यांत ओघळलं आणि दीर्घिका झाल्या. ते नसतं तर १३८० कोटी वर्षंसुद्धा आपल्याला कमीच पडली असती.

भविष्याचं काय झालं? १९९८ मध्ये दोन गटांनी लांबचे स्फोटक तारे मोजले, तर पसरण्याला लगाम सोडाच, वेग वाढतोय असं निघालं. आताचा ताळेबंद साधारण असा: साधं द्रव्य ५ टक्के, डार्क मॅटर २७, आणि उरलेलं सगळं डार्क एनर्जीच्या, म्हणजे हा वेग वाढवणाऱ्या अनोळखी ऊर्जेच्या खात्यावर. नुसत्या वजनावरून नशीब सांगायचा धंदा तिथे बसला.

डार्क मॅटर साध्या द्रव्याच्या पाचपट आहे म्हटल्यावर ते घराघरात साचलेलं असेल असं वाटतं. पण आजच्या अंदाजानं अख्ख्या पृथ्वीच्या आकारमानात कोणत्याही क्षणी ते अर्धा-पाऊण किलो असतं. आपण, दगड, डोंगर हे फार दाट, पण दीर्घिकेत अशा जागा अगदी मोजक्या. ते मात्र ताऱ्यांच्या पलीकडेही दूरवर, सगळीकडे विरळ पसरलेलं. ते पकडायला अमेरिकेत साउथ डकोटामधल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खाली, दहा टन द्रवरूप झेनॉन भरून ठेवलाय. आपल्याकडे झारखंडात जादुगुडाच्या युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटर खोलवर याच शोधासाठी प्रयोगशाळा थाटली आहे. अर्धा-पाऊण किलोमधला एखादा कण कधीतरी एखाद्या अणूला धक्का देईल, एवढ्याच भरवशावर लोक रोज लिफ्टनं खाली उतरतात. अजून एकही खात्रीचा धक्का लागलेला नाही.