शिंगं साळायचा दिवस

सकाळी सव्वापाचला आमच्या सगळ्यांचे मोबाईल बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात गेले. गेंड्यांची शिंगं कापायचं काम असलं की हे दरवेळी होतं. फोटो नाही, लोकेशन नाही, घरी आईला मेसेज पण नाही, कारण एखादा फोटो चुकून बाहेर गेला आणि त्यावरून जागा कळली की मग संपलंच. जून २०२४ ची गोष्ट, दक्षिण आफ्रिकेतलं क्वाझुलु-नाताल, तिथलं एक खाजगी रिझर्व्ह, नाव सांगायची परवानगी नाही म्हणून सांगत नाही. आपल्याकडे मृगाची वाट बघत असतात तेव्हा इथे हिवाळा असतो, आणि हे काम हिवाळ्यातच बरं, कारण बेशुद्ध गेंडा उन्हात तापला की गेला.

मी मूळची वर्धा जिल्ह्यातली. नागपूरला व्हेटर्नरी केलं, मग मास्टर्सला प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टेपूर्टच्या व्हेटर्नरी फॅकल्टीत आले. गावाकडे सगळ्यांना वाटतं मी आफ्रिकेत "गेंड्याची डॉक्टरीण" आहे. खरं म्हणजे इथल्या व्हेटर्नरी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन नाही तोपर्यंत मी इथे डॉक्टर नाहीच, औषधाच्या पेटीला हातसुद्धा लावायचा नाही. माझं काम एकच, जमिनीवर उकिडवं बसून गेंड्याचे श्वास मोजायचे आणि दर मिनिटाला आकडा ओरडायचा. सहा वर्षांचं शिक्षण, शिष्यवृत्ती, वर बाबांनी काढलेलं कर्ज, आणि काम काय तर मोजणी :) पण त्या दिवसानंतर मी ह्या मोजणीला नावं ठेवली नाहीत.

हेलिकॉप्टर उडायच्या आधी व्हेटबाई दरवेळी तेच सांगतात आणि आम्ही दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकतो. डार्टमध्ये (लांबून बंदुकीने मारायची सुई) एटॉर्फीन नावाचं गुंगीचं औषध असतं, सगळे त्याला एम-नाइन्टीनाइन म्हणतात, मॉर्फीनच्या हजार पटींहून जालीम. दीड टनाच्या वरची मादी आडवी करायला ३-४ मिलिग्रॅम पुरतं, तेव्हा माणसाच्या बोटाला टोचलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून माणसांसाठीचा उतारा कोणत्या बॅगेत, कोणत्या कप्प्यात, तो कोण देणार, हे सगळ्यांना पाठ पाहिजे. डोळ्यात उडालं तर आधी ओरडा, मग धुवा, लाजू नका असं त्या म्हणतात.

आणि शिंगं कापायची कशाला, हे मला घरचे अजून विचारतात. तू वाचवायला गेलीस की कापायला? तर शिंगासाठीच गेंडा मरतो म्हणून. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंडे मारले गेले. २०२३ मध्ये ४९९, आणि त्यातले ३२५ एकट्या क्वाझुलु-नातालमध्ये, म्हणजे शिकारी क्रुगर नॅशनल पार्ककडून आमच्याकडे सरकले. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये इथल्याच ह्लुह्लुवे-इम्फोलोझी पार्कमध्येसुद्धा शिंगं कापायला सुरुवात झाली, आणि ही तर अशी जागा की जगातले आजचे सगळे दक्षिणी पांढरे गेंडे तिथे उरलेल्या मूठभर गेंड्यांचेच वंशज. तिथे ही वेळ आली तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

आमच्या गाडीत पुढे बसतात ते बाबा. झुलूमध्ये वडीलधाऱ्या माणसाला "बाबा" म्हणतात, अर्थ पण तोच, वडील. पहिल्या दिवशी सगळे त्यांना बाबा, बाबा करताना ऐकून मला इतकं भरून आलं की कुणाला काय सांगू. सतराव्या वर्षी ते कुंपण दुरुस्त करायच्या गँगमध्ये लागले, मग रेंजर, मग ट्रॅकर, तीस वर्षांच्या वर झाली. ह्या क्षेत्रात करिअर कसं करायचं असं मला भारतातून मुलं विचारतात आणि त्यांच्या डोळ्यासमोर व्हेट, सायंटिस्ट, फार तर फोटोग्राफर असतो, कुंपणाच्या तारा ओढणारा माणूस नसतो. इथला इतिहास पण तसाच सांगतात. १९६१ ला सुरू झालेल्या ऑपरेशन ऱ्हायनोचं (पांढरे गेंडे पकडून दुसरीकडे वसवायची मोहीम) म्हटलं की गोरा रेंजर इयान प्लेअर, पण प्लेअरला जंगल दाखवलं ते झुलू वनरक्षक मागकुबू न्तोम्बेला यांनी. त्या नावात मधे जीभ टाळूवरून टॉक करून सोडायची असते, ते देवनागरीत येत नाही, मला तोंडाने पण दहातून दोनदाच जमतं आणि बाबा दर वेळी हसतात.

साडेसातच्या सुमाराला रेडिओवर आलं, मादी आहे, सोबत दीडेक वर्षाचं पिल्लू. पिल्लाला डार्ट करायचं नव्हतं, पायलटने त्याला जवळपास राखायचं असं ठरलं. डार्ट बसला आणि आम्ही बकीतून (पिकअपला इथे बकी म्हणतात) काट्याकुट्यातून सुटलो. औषध चढायला लागलं की गेंडा पाय उंच उंच टाकत चालतो, वरातीतल्या घोड्यासारखा, हसू येतं बघून, पण तेव्हाच त्याला नाल्यात, पाण्यात, दगडावर पडू द्यायचं नसतं. ही उघड्यावर बसली, पाच-सहा मिनिटांत. धावत जाऊन डोळ्यांवर टॉवेल, कानांत कापूस भरलेले मोजे (आमच्याच जुन्या मोज्यांच्या जोड्या, कुणाचा कुठला ते आम्ही ओळखतो), नाकात ऑक्सिजनची नळी, आणि मी नाकपुडीजवळ.

आपण मराठीत गेंड्याची कातडी म्हणतो ना, पुढाऱ्यांना वगैरे. हात ठेवून बघा एकदा. कानामागे, मांडीच्या आतल्या बाजूला इतकी मऊ असते, आणि कोमट, आणि गोचीड चावली तर तिथून रक्त येतं. इतक्या चुकीच्या जनावरावर तो वाक्प्रचार बसलाय!

मग चेनसॉ. मार्करने रेघ आखतात, शिंग वाढतं तो मुळाचा भाग सोडून वरचंच कापायचं, तिथे दुखत नाही कारण आत हाड नाही काही नाही, आपल्या नखासारखं केराटिन. वासाने मी एकदम गावी गेले. पोळ्याच्या आधी आमच्याकडे बैलांची शिंगं साळायला माणूस यायचा, पांढऱ्या चिपा पडायच्या, मग त्यावर रंग, बेगड. बैलाच्या शिंगात आत हाड असतं म्हणून तो वरवर साळायचा, बाबा (माझे) बैलाची वेसण धरून उभे राहायचे आणि त्याच्याशी बोलत राहायचे. इथे शिंगाखाली ताडपत्री पसरलेली असते आणि चिप ना चिप गोळा करतात, कारण चोरबाजारात भुश्याला पण किंमत आहे. शिंगात मायक्रोचिप, डीएनएचा नमुना, वजन, नंबर, सील, आणि शिंग वेगळ्या गाडीने तिथल्या तिथे निघून जातं, कुठे ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचं पण नाही.

आठ, सात, आठ असे माझे आकडे चालले होते. पुढचं मोठं शिंग निघालं, मागच्या छोट्याला (पांढऱ्या गेंड्याला दोन शिंगं असतात) हात घातला आणि मी पुढच्या श्वासाची वाट बघत बसले. आला नाही. आधी वाटलं चेनसॉच्या आवाजात माझं चुकलं. तळवा नाकपुडीपाशी धरला, काहीच नाही. वीस सेकंद, पंचवीस, माझं तोंडच उघडेना, कारण आपण शिकाऊ, उगाच ओरडलो आणि ती नेमका श्वास घेत असली तर? हे मी नंतर शंभरदा आठवलं. मग ओरडले "नो ब्रेथ!", चेनसॉ बंद, व्हेटबाईंनी कानाच्या शिरेतून ब्युटॉर्फॅनॉल दिलं (त्याने एटॉर्फीनचा थोडा जोर उतरतो, पूर्ण जाग येत नाही), आणि सहाजण मिळून तिला पाठीवरून ढकलून हलवायला लागलो, चिखलात रुतलेली बैलगाडी हलवतात तसं. बाबा तिच्या कानाजवळ वाकून झुलूत काहीतरी बोलत होते. चाळीस. पंचेचाळीस. मग आतून एकदम फूऽऽऽ करून असा श्वास आला की माझ्या चष्म्यावर वाफ बसली आणि मी त्याच वाफेतून "एक" म्हणाले. एवढंच. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, दोन मिनिटांत छोटं शिंग पण कापून झालं.

उतारा दिला, आम्ही गाडीत, ती दोन मिनिटांत उभी, डोकं झटकलं, आणि पळाली. पण पळाली पूर्वेकडे, आणि पिल्लू त्याआधीच पायलटला चुकवून पश्चिमेला नदीच्या कोरड्या पात्रात घुसलेलं. हेलिकॉप्टरचं इंधन संपत आलेलं, त्याचे तासाचे पैसे वेगळेच, शिवाय अजून दोन गेंडे यादीत होते. बाकीची टीम पुढे गेली आणि बाबा आणि मी मागे राहिलो, पायी. सोबत बाबांची रायफल, दोन बाटल्या पाणी, आणि डब्यात फुथू म्हणजे मक्याची मोकळी उकड, आपल्या उपीटासारखी.

वाटेत बाबांनी विचारलं, पहिल्यांदा आफ्रिकेत कशी आलीस? मी टाळलं असतं एरवी. कॉलेजात असताना पैसे भरून एका फार्मवर दोन आठवडे "व्हॉलंटिअर" म्हणून आले होते, सिंहाच्या बच्च्यांना बाटलीने दूध पाजायचं, अनाथ आहेत म्हणे. नंतर कळलं, अनाथ बिनाथ काही नाही, आईपासून तोडून पर्यटकांच्या मांडीवर द्यायलाच जन्माला घातलेली, आणि मोठी झाल्यावर त्यांचं पुढे काय होतं ते आता मला माहीत आहे. तो फोटो माझ्या आईने अजून फ्रेम करून ठेवलाय. बाबा काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, आता तरी पैसे देतात ना तुला? देतात, म्हटलं, थोडे.

तीनच्या सुमाराला ते एका ओलसर वाळूपाशी थांबले आणि काठीने दाखवलं. छोटा तीन बोटांचा ठसा. त्याच्यावर, अर्धा त्याला दाबून, मोठा. पुढे परत तसंच, छोटा खाली, मोठा वर. मला कळायला वेळ लागला. पांढऱ्या गेंड्याचं पिल्लू आईच्या पुढे चालतं आणि आई मागून (काळ्याचं उलटं, पिल्लू मागे), म्हणजे त्याच्या ठशावर तिचा ठसा पडला तर दोघं बरोबर आहेत. आम्ही त्यांना प्रत्यक्ष बघितलं ते अर्ध्या तासाने, लांबून, चिखलात लोळताना, पण बाबांनी रेडिओवर "सापडले" असं त्या वाळूपाशीच सांगून टाकलं होतं. मी विचारलं, शिंग नाही तर पिल्लाला ती ओळखू आली असेल का? ते म्हणाले, ते नाकाने बघतात गं.

पुढच्या वर्षी एक अभ्यास आला, ग्रेटर क्रुगरमधल्या (क्रुगर आणि त्याला लागून असलेला भाग) रिझर्व्हमध्ये शिंगं कापल्यावर शिकार साधारण ७८ टक्क्यांनी कमी झाली असा. मला बरं वाटलं. तरी कापल्यावर बुडखा राहतो, त्या बुडख्यासाठी पण गेंडे मारलेत, शिवाय शिंग परत वाढतं आणि दीड-दोन वर्षांनी पुन्हा तेच सगळं, पुन्हा डार्ट, पुन्हा कुणीतरी नाकपुडीपाशी बसणार.

संध्याकाळी खोलीवर बूट काढताना तळव्याच्या खाचेत एक चीप अडकलेली दिसली. पांढरट, नखाच्या तुकड्याएवढी. घामच फुटला. आमची दरवर्षी पॉलिग्राफ टेस्ट होते, व्हेटपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांची, कारण शिकाऱ्यांना खबर बऱ्याचदा आतूनच जाते, आणि त्यात एक प्रश्न असतोच की शिंगाचा कुठलाही भाग कधी स्वतःजवळ ठेवला का. एका पायात बूट, एका पायात स्लीपर अशी मी ऑफिसला पळाले, त्यात लाईट गेलेली. मॅनेजर टॉर्चच्या उजेडात आधी हसला, मग गंभीर होऊन त्याने छोटा वजनकाटा काढला. ०.४ ग्रॅम. रजिस्टरमध्ये नोंद, प्लॅस्टिकची पिशवी, सील, नंबर, माझी सही. साक्षीदाराची पण सही लागते म्हणाला, तर मी बाबांना जेवणावरून उठवून आणलं, त्यांनी खिशातून चष्मा काढून तो आकडा दोनदा वाचला, आणि हात पुसून सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं.