रॉड्रिगची ड्रेपरी

परवा स्पर्धेचा प्रयोग झाला आमचा, नाशिकच्या साईखेडकर नाट्यगृहात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी ड्रेपरी गाठोड्यात बांधून परत द्यायचं काम नेहमीसारखं माझ्याच गळ्यात. ऐतिहासिक नाटक, म्हणजे अंगरखे, शेले, पगड्या, सगळं भाड्याचं. माझ्या अंगरख्याच्या आत मानेपाशी मार्करने तीन आडनावं लिहिलेली होती, त्यातली दोन खोडलेली, आणि डांबरगोळ्यांच्या वासाखाली आधीच्या कुणाचा तरी घाम. ड्रेपरीवाले काका एकेक कपडा मोजून घेत होते, मला काही काम नव्हतं, तर मी त्यांना जेरार फिलिपची गोष्ट सांगत बसलो. त्यांनी विचारलं नव्हतं, पण मला हल्ली कुणालाही सांगायची खोड लागलीये.

फ्रान्सचा नट. जन्म 1922, कान शहरातला. 1945 मध्ये कामूच्या 'कॅलिगुला' नाटकात राजा झाला तेव्हा वय फक्त 22. मग सिनेमे, आणि 1952 च्या तलवारबाजीवाल्या 'फानफान ला ट्युलिप' नंतर तर अख्ख्या युरोपात पोरी वेड्या. मी तो सिनेमा तालमीहून आल्यावर रात्री एक वाजता मोबाईलवर पाहिला आणि खरं सांगतो, त्याच्याकडे बघताना आपण उगाच अभिनय करतो असं वाटायला लागतं. अंगात हाडं नाहीतच असा पळतो तो!

घरची बाजू मात्र काळी. वडील जर्मनांना सामील, युद्धानंतर त्यांना फाशीची शिक्षा झाली पण ते आधीच स्पेनला पळालेले, आणि हा पोरगा 1944 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस सोडवणाऱ्यांच्या बाजूने. यावर आपल्याकडे चार अंकी नाटक झालं असतं.

पण मला त्याचं वेड लागलं ते झाँ विलारमुळे. विलार म्हणजे 1947 मध्ये आव्हिन्यॉनला पोपच्या जुन्या राजवाड्याच्या अंगणात उघड्यावर नाटकं सुरू करणारा माणूस. त्याने फिलिपला कोर्नेयच्या 'ल सिद'मधला रॉड्रिग कर म्हणून विचारलं, तर हा म्हणाला शोकांतिका माझं काम नाही. नंतर दोन-एक वर्षांनी स्वतःच विलारकडे गेला, मला घ्या म्हणून. 1951 च्या जुलैत आव्हिन्यॉनला रॉड्रिग उभा राहिला. त्याच वर्षी विलारला पॅरिसच्या सरकारी थिएटरची, टीएनपीची, सूत्रं मिळाली. त्या थिएटरचा शायोचा हॉल म्हणजे अडीच हजारांहून जास्त खुर्च्या, पण तो लगेच मोकळा नव्हता, मग पहिले प्रयोग सुरेन नावाच्या उपनगरात केले, कारखान्यांच्या वस्तीत. म्हणजे आपल्याकडे सातपूरला नाटक लावल्यासारखं. सातपूरलाच नोकरी करतो म्हणून मला त्याचं जास्त कौतुक असेल कदाचित.

विलारने नियम काय केले बघा. डोअरकीपरला टिप द्यायची नाही, कोट ठेवायचे पैसे नाहीत, प्रयोग लवकर, म्हणजे कामगाराला शेवटची गाडी मिळेल. आणि पोस्टरवर नटांची नावं अक्षरांच्या क्रमाने. जाहिरातीत कुणाचं नाव आधी, कुणाचं चौकटीत, यावरून आपल्याकडे तालमी बंद पडलेल्या मी पाहिल्यात, हौशी ग्रुपात, जिथे नाईट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, सोडाच, वडापावसुद्धा स्वतःच्या पैशाने खातात लोक. आणि हा युरोपातला सगळ्यात मोठा हिरो बाकीच्या नटांच्या बरोबरीच्या पगारावर तिथे उभा. पुढे नटांच्या युनियनचा अध्यक्षही झाला, म्हणजे नुसतं गोड बोलणं नव्हतं.

आपल्या डोळ्यासमोर नट म्हटला की 'नटसम्राट'मधला म्हातारा बेलवलकरच येतो, आपण नाशिककर तर तात्यासाहेब शिरवाडकरांच्याच गावचे. फिलिप म्हातारा झालाच नाही. 1959 च्या नोव्हेंबरमध्ये ऑपरेशन झालं, लिव्हरचा कॅन्सर निघाला, बायकोला डॉक्टरांनी सांगितलं आणि तिने त्याला कळूच दिलं नाही. तो पुढच्या भूमिकांसाठी वाचत पडलेला. 25 नोव्हेंबरला गेला, सदतिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर होता. दक्षिणेला रामातुएल गावात पुरलं, अंगावर रॉड्रिगची ड्रेपरी.

फानफानचा कोट नाही हां. सिनेमा मला रात्री एकला मोबाईलवर दिसतो, तो जगभर राहिला, पण त्याच्या अंगावर गेले ते कपडे त्या नाटकाचे, जे बघणारे लोक आता संपत आलेत. मी हे सांगत होतो तेव्हा मलाच जरा भरून आलं, प्रयोगाचं जागरणही होतंच म्हणा.

काकांनी शेवटचा शेला घडी करून ठेवला. "ड्रेपरी घालून नेलं?"

"हो काका."

"मग डिपॉझिट बुडालं की रे त्यांचं."

आणि माझ्या अंगरख्याचा एक बंद तुटलेला त्यांनी बरोबर शोधला, वहीत लिहिला आणि 50 रुपये कापून घेतले.