देवीच्या हद्दीतले मासे

महाड तालुक्यातील वाळणकोंड येथे काळ नदीच्या काठी उभे राहिले, की हातातल्या चुरमुऱ्यांच्या पुडीला एकाएकी मोल येते. पहिली मूठ पाण्यावर पडते, दाणे तरंगत पसरतात आणि डोहाच्या तळातून एकामागून एक म्हशीर माशांच्या रुंद, काळसर पाठी वर येतात. जाड ओठांचे तोंड उघडते, त्याच्या कडेच्या मिशांच्या दोन जोड्या क्षणभर दिसतात आणि ‘चुपक्’ असा आवाज होऊन दाणे नाहीसे होतात. म्हशीरच्या जबड्यात दात नसतात. ते असतात घशात, आणि तेथे तो शिंपल्या-खेकड्यांचाही चुरा करतो. त्या घशाला चुरमुरे म्हणजे थट्टाच म्हणायची.

१८३९ मध्ये साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या मुळा-मुठेतील म्हशीरची नोंद केली, तेव्हा इथल्या बोलीतले ‘खुद्री’ हे नावच त्याच्या शास्त्रीय नावात गेले. कावेरीतला त्याचा वशिंडवाला भाऊबंद २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त म्हणून जागतिक यादीत नोंदला गेला. वाळणकोंडच्या माशांना मात्र यादीची गरज पडलेली नाही. ते वरदायिनी देवीचे मासे आहेत आणि त्यामुळे डोहात कोणी गळ टाकत नाही.

मीही तेथे हात जोडतो आणि लगेच ओशाळतो, कारण मी वलगणीच्या माशांवर वाढलेला माणूस आहे. मृगाच्या पहिल्या लोंढ्यात अंड्यांनी भरलेले मासे वहाळ चढू लागले, की आम्ही पोरे टोपल्या आणि कंदील घेऊन धावत असू. रात्री आई गाभोळी, म्हणजे माशांच्या पोटातली अंडी, हळद-तिखट लावून वेगळी तळायची आणि तिच्यासाठी भावंडांत भांडणे व्हायची. एकेका तुकड्यात किती मासे होते, याचा हिशेब तेव्हा कोणी केला नाही.

म्हशीरही पावसाळ्यात असाच वर चढतो. त्याला अंडी घालायला गोटे-वाळूचा तळ आणि वाहते, स्वच्छ पाणी लागते, आणि ते शोधत जाताना देवीची हद्द कधी ओलांडली गेली, हे त्याला कळण्याचा संभव नाही. पुढे बांध असतो, उपसलेला तळ असतो, किंवा टोपली घेतलेली पोरे असतात.

पुडी रिकामी झाली. तळाचा चुरा मी पाण्यावर झटकला, तर तेवढ्यासाठीही तीन-चार तोंडे वर आली.