नामिबिया: पामवाग ते ओपुवो हा रस्ता दोन स्टेपन्यांशिवाय घेऊ नका

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. हिंबा या गुरं पाळणाऱ्या आदिवासी लोकांना भेटायला वायव्य नामिबियात ओपुवोला जायचं असेल तर कामान्याबवरून जाणारा रस्ता घ्या. ओपुवोपर्यंत डांबर आहे. नकाशावर पामवाग–सेसफॉन्टेन–ओपुवो असा दुसरा रस्ता दिसतो, त्याचा नंबर सी ४३. 'निसर्गरम्य' म्हणून सगळे त्याचीच शिफारस करतात. आम्हालाही केली. निसर्ग रम्य आहेच, पण त्या रस्त्यावर एकाच दिवशी आमचे दोन टायर गेले. अंधार पडेपर्यंत अशा जागी बसलो जिथं फोनला रेंज नव्हती आणि तीन तासांत दोनच गाड्या दिसल्या. त्यातली पहिली थांबली नाही.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, धाकटा दीर आणि जाऊ. ऑगस्टमध्ये गेलो. तिथं तो हिवाळा, कोरडा ऋतू. टपावर तंबू असलेली डबल कॅब पिकअप विंडहुकला भाड्यानं घेतली. नामिबियात वाहनं डावीकडूनच चालतात, त्यामुळे गाडी चालवण्याचं दडपण नव्हतं. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता.

फसवणूक विंडहुकलाच सुरू झाली आणि आम्हाला ती कळली नाही. बुकिंगच्या कागदावर दोन स्टेपन्या लिहिल्या होत्या. गाडीखाली एकच होती. काउंटरवरचा माणूस म्हणाला, 'सगळे एकीवरच जातात.' पंधरा तासांच्या प्रवासानं आम्ही थकलेले, हो म्हणालो. तिथं अडून बसायला हवं होतं. असलेली स्टेपनीही वाकून बघितली नाही. रबर जुनं होतं आणि कडेला बारीक चिरा पडल्या होत्या. मग विमा. 'फुल इन्शुरन्स' या दोन शब्दांवर विश्वास ठेवू नका. आमच्या 'फुल'मध्ये टायर नव्हते, काच नव्हती, गाडीच्या पोटाला झालेलं नुकसान नव्हतं, आणि दुसरं वाहन न धडकता गाडी आपली आपण उलटली तर तेही नव्हतं. कच्च्या रस्त्यावर होणारा नेमका अपघात हाच असतो. खडीवर वेगात वळलं की मागची चाकं सरकतात, माणूस घाबरून स्टिअरिंग उलट फिरवतो आणि गाडी पलटी होते. म्हणून सही करण्याआधी काय काय वगळलंय ते पान मागा. टायर आणि काचेचा वेगळा विमा मिळतो, तो घ्या. गाडीत वेग नोंदवणारं यंत्र असतं. खडीवर करारातली ८० ची मर्यादा ओलांडली की विमा गेला. तसंही साठच्या वर जाऊ नका.

पहिला आठवडा छान गेला. सोसुसव्लेईला, म्हणजे वाळूच्या टेकड्या बघायला, उद्यानाच्या आतल्या सेसरीम कॅम्पमध्येच राहा, कारण आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात. शेवटच्या पाच किलोमीटरांच्या वाळूत टायरची हवा उतरवा, नाहीतर शटल घ्या. स्वाकोपमुंडला दोन दिवस विश्रांती घेतली. ट्वायफेलफॉन्टेनची कातळात कोरलेली चित्रं सकाळी लवकर बघा.

आता तो दिवस. पामवागच्या पंपावर टाकी भरली आणि दहाला निघालो. ही पहिली चूक, उजाडताच निघायला हवं होतं. फोनचा नकाशा ओपुवोला साडेचार तास दाखवत होता. अंतर अडीचशे किलोमीटर. फोनला रस्ता म्हणजे रस्ता, त्यावर काय पसरलंय ते त्याला कळत नाही. सेसफॉन्टेनपर्यंतचा रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा. आडव्या लाटा, अखंड. दात वाजतात, डब्यांची झाकणं उघडतात, नट ढिले होतात. मध्येच कोरड्या नद्यांचे खोलगट पार, त्यात वाळू. एका बाजूला तांबडे सपाट माथ्याचे डोंगर, मोकळ्यावर जिराफ. तो भाग खरोखर सुंदर आहे, पण चालवणाऱ्याला मान वर करायला सवड नाही.

सेसफॉन्टेनमध्ये जर्मनांनी आपल्या वसाहतीच्या काळात, १८९६ मध्ये, उभारलेला किल्ला आहे, आता तिथं लॉज चालतो. नावाचा अर्थ सहा झरे. तिथं थांबून राहायला हवं होतं. दोन वाजून गेले होते, पण ओपुवोचं बुकिंग होतं, पैसे भरलेले होते, म्हणून पुढे निघालो. पुढचे दीडशे किलोमीटर मी विसरणार नाही.

त्या टप्प्यात धारदार दगड आहेत. फोडलेल्या खडीचे नाहीत, जमिनीतूनच वर आलेले, सुरीच्या पात्यासारखे. जुबर्ट घाटाचा चढ उभा आहे, लो गिअर लावून सावकाश चढलो. टायर घाटात गेला नाही, घाट संपून सुटल्यासारखं वाटलं तेव्हा गेला. मागचा डावा, बाजूनं चार बोटं फाटलेला. पंक्चर काढायचं सामान बरोबर होतं, पण ते तळव्यावरच्या भोकासाठी असतं, बाजू फाटली की काही उपयोग नाही. स्टेपनी लावली. मऊ जमिनीत जॅक रुततो, त्याखाली ठेवायला एक जाड फळी बरोबर असू द्या. चाळीसेक किलोमीटरवर ती चिरा पडलेली स्टेपनीच फुटली.

चूक कुठं झाली ते सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. डांबरावरची २.४ बार हवा आम्ही तशीच ठेवली होती, कारण भाड्यानं देणाऱ्यांनी 'हात लावू नका' म्हणून सांगितलं होतं. टणक टायर दगडाला जागा देत नाही, दगड त्याला कापतो. अशा खडीवर १.८ च्या आसपास ठेवायची आणि डांबर लागलं की परत भरायची. फार खाली उतरवली तर बाजू फुगून बाहेर येते आणि तीच कापली जाते. छोटा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचं यंत्र याशिवाय विंडहुक सोडू नका.

आम्ही तिथं बसलो. पाणी पंचवीस लिटर होतं, जाऊबाईंनी केलेले शेंगदाण्याचे लाडू होते, दशम्या होत्या. खाण्यापिण्याची भीती नव्हती. सूर्य सातच्या सुमारास बुडतो आणि थंडी झटकन उतरते. या भागात सिंह आणि हत्ती कुंपणाबाहेर, मोकळे फिरतात. आम्ही गाडीजवळून हललो नाही.

अंधारता अंधारता एक जुनी पिकअप थांबली. तिला तिकडे बकी म्हणतात. पन्नाशीचा, हेरेरो समाजातला माणूस, शेजारी त्याची बायको: पायघोळ झग्यात, डोक्यावर गाईच्या शिंगांसारखं दोन टोकांचं फडकं बांधलेलं. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्यानं या समाजातली बहुसंख्य माणसं मारली; गोळ्यांनी, वाळवंटात तहानेनं, छावण्यांत. जर्मनीनं त्याला नरसंहार म्हणून मान्यता दिली ती २०२१ मध्ये. हे मी वाचून गेले होते. त्या बाई खाली उतरल्या, स्वतःची शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि नवऱ्याला बॅटरी धरून उभ्या राहिल्या. त्यानं स्वतःच्या बकीचं चाक आमच्या टायरवर चढवून रिम सोडवली, जुन्या टायरचा तुकडा आतून बसवला, ट्यूब घातली, पायपंपानं हवा भरली. पाऊण तास. पैसे पुढे केले तर घेतले नाहीत. पाण्याचा एक कॅन आणि लाडवांचा डबा घेतला. ओपुवोपर्यंत तो आमच्या मागून, आमच्या वेगानं आला. पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. रात्री चालवणं करारात बंद आहे आणि त्याला कारण आहे: रस्त्यावर गुरं बसलेली असतात.

दुसऱ्या दिवशी हिंबा वस्तीवर गेलो. इथंही स्पष्ट सांगते. रस्त्याकडेला 'हिंबा व्हिलेज' अशी पाटी लावून गाडी थांबवणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. येताना थांबलो होतो: माणशी पैसे घेतले, मग प्रत्येक फोटोला वेगळे, मग चादरी पसरून बांगड्यांचा बाजार, आणि कुणी कुणाशी एक शब्द बोललं नाही. त्या बायकांचा मला राग आला नाही, येणाऱ्यांनीच ती रीत पाडली आहे. पण तुम्ही तिथं पैसे घालवू नका. ओपुवोत हिंबा भाषिक वाटाड्या मिळतो. तो आधी दुकानात नेतो: मक्याचं पीठ, साखर, तेल. हे वस्तीला द्यायचं. मुलांना गोळ्या-चॉकलेट देऊ नका, तिथं दाताचा डॉक्टर जवळपास नाही.

वस्तीत शिरल्यावर वाटाड्यानं पहिली गोष्ट दाखवली ती ओकुरुवो, पूर्वजांशी बोलायचा पवित्र अग्नी. तो आणि मुख्य झोपडी यांच्या मधून परक्यानं जायचं नाही. ही रेषा आखलेली नसते, म्हणून आधी विचारा. केसांना आणि अंगाला लावतात तो तांबडा लेप म्हणजे गेरूची पूड आणि लोणी. त्याला ओच्छिझे म्हणतात. अंघोळ पाण्याची नाही, धुराची: निखाऱ्यावर सुगंधी डिंक आणि पाला टाकून बाई त्यावर चामडं पांघरून बसते. जाऊबाई एकदम म्हणाल्या, 'अगं, ही तर बाळंतिणीची धुरी.' वाटाड्यानं भाषांतर करून सांगितलं, तेव्हा ती म्हातारी हसली. मग तिनं विचारलं, तुमच्या घरी गाई किती? माहेरी दोन आहेत म्हटल्यावर तिनं मान हलवली आणि आपल्या पाण्याबद्दल बोलू लागली. दुष्काळात मेलेली गुरं तिनं नावानिशी सांगितली. नव्वदच्या दशकात कुनेने नदीवर एपुपाला धरण घालायचं ठरलं होतं. पूर्वजांची थडगी आणि नदीकाठची कुरणं बुडणार म्हणून या लोकांनी विरोध केला. ते धरण झालं नाही. थडगी बुडाली तर आम्ही कोणाशी बोलायचं, असं ती म्हणाली. सरदार सरोवर बघितलेल्या माणसाला यावर काय बोलावं कळत नाही. आम्ही तीन तास होतो, फोटो सात काढले, ते विचारून.

ओपुवोहून एतोशा राष्ट्रीय उद्यानाला जाताना गुरांचं मोठं कुंपण लागतं. लाळ्या-खुरकूत दक्षिणेकडच्या गुरांत जाऊ नये म्हणून उत्तरेकडून कच्चं मांस खाली नेऊ देत नाहीत. दिरांनी ओपुवोत घेतलेलं मटण तिथं काढून घेतलं. वाद घालू नका, नियम बरोबर आहे. ओउत्योला पंपावर मुलं गोड बोलून नाव विचारतात. सांगू नका. तुम्ही तेल भरून येईपर्यंत ते नाव मकालानी ताडाच्या बीवर कोरलेलं असतं आणि मग ते घ्यावंच लागतं. हवं असेल तर आधी भाव ठरवा. काम सुबक असतं.

एतोशा. इतक्या शिणानंतर मला कशाचीही उमेद नव्हती. ओकाउकुएयो कॅम्पला पाणवठा आहे, रात्री दिवे असतात, मध्ये बुटकी भिंत आणि बाकं. जेवून सहज गेलो. अकराच्या सुमारास उजेडाच्या कडेनं काळा गेंडा आला, पाठोपाठ पिल्लू. मग आणखी एक. मग हत्तींचा कळप, मिठागराच्या मातीनं पांढरे झालेले, पावलांचा आवाज नाही, फक्त पाणी ओढल्याचा. गेंडा हटला नाही, हत्ती थांबले. आम्ही चौघं घोंगडी पांघरून पहाटे दोनपर्यंत तिथं बसलो. नवऱ्यानं माझा हात धरला होता आणि मी रडत होते. इतकं मोठं आयुष्यात मी काही बघितलेलं नाही. कुणाला वेळ कमी असेल तर माझं सांगणं एकच: बाकी सगळं सोडा, इथं तीन रात्री राहा. दिवसा गाडी पळवत प्राणी शोधण्यापेक्षा एका पाणवठ्यावर इंजिन बंद करून दोन तास थांबा. सिंह आम्हाला तसाच दिसला. उद्यानात ताशी ६० ची मर्यादा आहे, गाडीतून उतरायची बंदी आहे, आणि कॅम्पचं दार सूर्यास्ताला बंद होतं. कुठं काय दिसलं याची वही स्वागतकक्षात असते, सकाळी ती वाचून निघा.

परतीच्या वाटेवर ओच्यिवारोंगोजवळ चित्ता संवर्धन केंद्र आहे. १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत आठ चित्ते सोडले, ते याच देशातले. अर्धा दिवस ठेवा.

विंडहुकला गाडी परत केली. दोन टायर, प्रत्येकी ४,२०० नामिबियन डॉलर, म्हणजे एका टायरचे वीस हजार रुपयांच्या घरात. शिवाय एक रिम आणि काचेवरचा एक टवका, जो गाडी घेतानाच होता. तो टवका आम्ही दाखवला होता, पण कागदावर लिहून घेतला नव्हता आणि फोटोही नव्हता. दुसरी स्टेपनी बुकिंगमध्ये होती, हे सांगितल्यावर त्यांनी आमची सही दाखवली: 'वाहन पूर्ण साहित्यासह ताब्यात घेतले.' दीड तास भांडलो, विमान चुकायची वेळ आली, पैसे भरले.

गाडी ताब्यात घ्याल तेव्हा चारी बाजूंचे, काचेचे, दोन्ही स्टेपन्या धरून सगळ्या टायरांच्या कडांचे फोटो काढा. प्रत्येक टायरवर तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली बनला याचा चार आकडी शिक्का असतो, त्याचाही काढा. सगळे त्या माणसासमोर. आणि दुसरी स्टेपनी गाडीत चढल्याशिवाय सही करू नका.