डुकरे नव्हेत, कागद मारायचे आहेत : पॉइंट टू-टू पिस्तुलाच्या परवान्याचा माझा अनुभव

कोकणात बंदुकीचा परवाना म्हटला की तो शेतीसंरक्षणाचाच, ही समजूत वाडीपासून जिल्ह्याच्या कार्यालयापर्यंत इतकी पक्की बसली आहे की, खेळासाठी पिस्तूल मागणारा माणूस समोर उभा राहिला की त्याचे करायचे काय, हेच कोणाला कळत नाही. माझा परवाना अखेर हातात आला असला तरी त्या कार्यालयाचा राग अजून पुरता उतरलेला नाही. कार्यालयाचे आणि जिल्ह्याचे नाव मी लिहिणार नाही, कारण शेजारच्या जिल्ह्यांतल्या नेमबाजांशी बोलल्यावर सगळीकडे थोडाफार हाच प्रकार असल्याचे दिसले. ज्यांना हिवाळ्यात क्लबचे सामने परवडतील अशा खर्चात खेळायचे आहेत, त्यांनी स्वतःच्या पिस्तुलासाठी जीव टाकू नये आणि पहिले दोन हिवाळे क्लबच्याच पिस्तुलावर काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात पैसा तर वाचतोच, पण पुढे परवान्याच्या वेळी याच दोन हिवाळ्यांचे कागद कामाला येतात. ते कसे, हे ओघात येईलच.

पॉइंट टू-टू (०.२२ इंच व्यासाची गोळी), म्हणजे रिमफायर, हा प्रकार सामान्य पगारदाराला झेपतो याचे कारण गोळीत आहे. या काडतुसात पेट घेणारे मिश्रण तळाच्या कडेत भरलेले असते. ठिणगी पाडणारी टोपी बदलून ते पुन्हा भरण्याची सोय त्यात नसल्यामुळे पेटीची जी किंमत तोच आपला खर्च, त्यापलीकडे हिशेब नाही. शिसे चाळीस ग्रेनचे, म्हणजे अडीच ग्रॅमच्या किंचित वर असते, त्यामुळे धक्का नगण्य बसतो आणि नवशिक्याचा हातही लवकर स्थिर होतो. पेटीत ५० राउंड असतात. २५ मीटरच्या स्टँडर्ड पिस्तूल सामन्यात ६० गुणांकित राउंड आणि सुरुवातीचे पाच सरावाचे, म्हणजे एक पेटी पुरत नाही. म्हणून आमच्या क्लबाने हिवाळी सामन्यांसाठी तो निम्म्यावर आणला आहे. दीडशे, वीस आणि दहा सेकंदांच्या प्रत्येक टप्प्यात पाच-पाच राउंडच्या दोन सीरिज, असे ३० राउंड आणि सरावाचे पाच. उरलेल्या पंधरांत आठवड्याचा सराव होतो. पिस्तुले क्लबची, पाळीपाळीने वापरायची. आपण फक्त गोळ्यांचे आणि टार्गेटच्या कागदाचे पैसे द्यायचे.

हिवाळाच का, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पावसाळ्यात उघड्या रेंजवर गवत माणसाच्या कमरेपर्यंत येते आणि गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाला ओघळ पडतात. भातकापणी उरकली की बांध पुन्हा रचला जातो आणि रविवारच्या सकाळी सामने सुरू होतात. पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीकडचा, वारा पडल्यानंतर आणि समुद्राकडचा खारा वारा सुटण्याच्या आधी जो शांत वेळ मिळतो, त्यात सामना उरकणे शहाणपणाचे, कारण २५ मीटरवर वाऱ्याने गोळी फारशी सरकत नसली तरी एका हातावर तोललेले पिस्तूल नक्कीच सरकते.

क्लबाचे सदस्यत्व, सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण, त्याचे एस-१ नमुन्यातले प्रमाणपत्र, डॉक्टरांचे एस-३ नमुन्यातले प्रमाणपत्र आणि ऑनलाइन अर्ज यांपैकी कशाचाही त्रास झाला नाही. एस-३ मध्ये अर्जदार नशेच्या पदार्थांवर अवलंबून नाही, असा स्पष्ट उल्लेख लागतो. तो डॉक्टरांकडून राहून जातो, म्हणून त्यांच्या समोर बसूनच वाचून घ्यावा.

खरी गंमत अर्जाची छापील प्रत आणि जोडपत्रे कार्यालयात दिल्यावर सुरू झाली. त्या टेबलावर तपासणीची एक यादी असते, झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरे पुसट झालेली. तिच्यात सातबारा उतारा, पीक नुकसानीचा दाखला, पोलीस पाटलाचा दाखला अशा ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरच्या खुणेसाठी चौकोन होता. लिपिक भाऊसाहेबांनी माझी फाइल उघडून पहिला प्रश्न विचारला, “शेती किती?” मी म्हणालो, “वडिलांच्या नावावर थोडी आहे, पण हा अर्ज शेतीसाठी नाही.” “मग डुकरांचा त्रास आहे का?” “भाऊसाहेब, मला डुकरे मारायची नाहीत, कागद मारायचे आहेत.” ते हसले, पण यादीतला सातबाऱ्याचा चौकोन रिकामा राहिला होता आणि रिकामा चौकोन म्हणजे त्रुटी. काही आठवड्यांनी मला त्रुटीचे पत्र आले : सातबारा उतारा व पीक नुकसानीबाबतचा दाखला सादर करावा.

असे पत्र आले की माणसाच्या मनात दोन विचार येतात. एक, सरळ सातबारा जोडून मोकळे व्हावे. दोन, वरिष्ठांकडे जाऊन आवाज चढवावा. दोन्ही टाळावे. सातबारा जोडला की अर्जाचे कारणच बदलते. उद्या शेतीसंरक्षणासाठी पिस्तूल कशाला, असा रास्त प्रश्न विचारून तोच अर्ज फेटाळता येतो. मी लेखी उत्तर दिले की माझा अर्ज नेमबाजीच्या सरावासाठी असल्याने सदर दाखले लागू होत नाहीत, आणि सोबत शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम १३ ची प्रत जोडली. त्या कलमात मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला लक्ष्यसरावासाठी परवाना देण्याची तरतूद आहे.

भाऊसाहेबांनी ते कलम खरोखरच शांतपणे वाचले. वाचून झाल्यावर त्यांनी पेनाच्या टोकाने एका शब्दावर बोट ठेवावे तशी खूण केली आणि म्हणाले, “यात पॉइंट टू-टू रायफल आणि एअर रायफल लिहिली आहे. तुमचे तर पिस्तूल आहे. ते कुठे लिहिले आहे दाखवा.” मला राग आला हे खरे, पण त्यांचे म्हणणे कायद्याला धरून होते, हेही तितकेच खरे. कलम १३ मधली ती सवलत रायफलपुरतीच आहे. पिस्तुलाचा अर्जदार त्याच कलमाच्या पुढच्या भागात येतो, जिथे परवाना मागण्यास सबळ कारण आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. म्हणजे कारण सिद्ध करण्याची जबाबदारी आपली.

या ठिकाणी मला क्लबमधल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी वाट दाखवली. शस्त्र नियम, २०१६ मधला नियम १२ वाच, एवढेच ते म्हणाले. कोणकोणत्या अर्जदारांचा विचार करता येईल हे सांगताना त्या नियमात, परवानाधारक शूटिंग क्लबचा किंवा रायफल असोसिएशनचा गेली दोन वर्षे सक्रिय सदस्य असलेला आणि पद्धतशीर शिक्षणातून लक्ष्यसराव करू इच्छिणारा खेळाडू असा उल्लेख आहे. तिथे रायफल-पिस्तूल असा भेद नाही. आता प्रश्न उरला तो ‘सक्रिय’ असण्याच्या पुराव्याचा. सदस्यत्वाच्या पावत्यांनी तुम्ही सदस्य आहात एवढेच सिद्ध होते, सक्रिय आहात हे नाही. माझ्याकडे दोन हिवाळ्यांतल्या सामन्यांच्या स्कोअरशीट होत्या, रेंज ऑफिसरची सही आणि तारीख असलेल्या. त्या तारखेच्या क्रमाने लावल्या, क्लबचे पत्र वर ठेवले, नियम १२ मधला तो परिच्छेद पिवळ्या पेनाने रंगवला आणि सगळे आवक विभागात देऊन पोच घेतली. माझे स्कोअर काही मिरवण्यासारखे नाहीत. दहा सेकंदांच्या सीरिजमध्ये सात गुणांच्या रेषेबाहेर, म्हणजे टार्गेटच्या काळ्या वर्तुळाच्या बाहेर गेलेले राउंड त्या कागदांवर उघड दिसत होते. तरीही ते कागद लपवावेसे वाटले नाहीत, कारण वाईट सीरिज खोट्या स्कोअरशीटवर कोणी लिहीत नाही.

त्यानंतर आडवी आली ती आचारसंहिता. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्च २०२४ रोजी लागली. या काळात नवे शस्त्रपरवाने देण्यावर बंदी असते, त्यामुळे फाइल जिथे होती तिथेच थांबली. जुन्या परवानाधारकांपैकी कोणाची शस्त्रे जमा करून घ्यायची, हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. आमच्या भागात ऐन आंब्या-काजूच्या दिवसांत कित्येकांच्या ठासणीच्या बंदुका ठाण्यात पडून होत्या आणि वानरांना रान मोकळे होते, हे जाता जाता नमूद करतो. ७ मे रोजी आमचे मतदान झाले, जूनच्या पहिल्या आठवड्यात आचारसंहिता उठली, तर २६ जूनच्या कोकण पदवीधर मतदारसंघाच्या मतदानाचे कारण मला सांगण्यात आले. मग पाऊस, मग बदल्या. नव्या भाऊसाहेबांनी फाइल उघडून विचारले, “सातबारा कुठे आहे?”

या वेळी मी वाद घातला नाही. जुन्या उत्तराची पोच दाखवली आणि माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून एवढेच विचारले की माझी फाइल कोणत्या तारखेपासून कोणाकडे आहे आणि तिच्यावर शेवटचा शेरा काय आहे. ‘परवाना कधी देणार’ असे विचारू नये, त्याला उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक नाही. कागदावर असलेली गोष्टच मागावी. तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर आले, आणि उत्तर तयार करण्यासाठी कोणीतरी फाइल मुळापासून वाचली असावी, कारण त्यानंतर सातबाऱ्याचे नाव कोणी काढले नाही. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली तेव्हा मात्र मी कपाळावर हात मारला. निवडणूक संपल्यावर मुलाखत झाली. अधिकाऱ्यांनी स्कोअरशीट चाळल्या, पिस्तूल घरी कसे ठेवणार हे विचारले आणि परवाना मंजूर केला. इतके महिने अडलेली गोष्ट चहा निवायच्या आत झाली, याचा आनंद मानावा की संताप करावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पोलीस चौकशीचे सांगायचे राहिले. ती मधल्या काळात झाली. बीट हवालदार घरी येऊन गेले आणि शेजाऱ्यांचे जबाब घेतले गेले, तेव्हा वाडीतल्या एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारले, “कोणाशी वाकडा झाला काय रे तुझा?” म्हणून चौकशीच्या आधीच शेजाऱ्यांना, पोलीस पाटलांना आणि घरच्यांनाही आपण नेमबाजी खेळतो हे नीट सांगून ठेवावे. शक्य झाल्यास एका रविवारी रेंजवर घेऊन जावे. छिद्रे पडलेला कागद पाहिल्यावर माणसांची भीती जाते. संगमेश्वराशी नाते सांगणाऱ्या घराण्यातले, राजापुरात शिकलेले ग. वा. मावळंकर हे लोकसभेचे पहिले अध्यक्ष १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल असोसिएशनचेही पहिले अध्यक्ष होते आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेसाठी आजही मुलांना त्यांच्या नावाची ‘मावळंकर’ स्पर्धा खेळावी लागते, हे आमच्या काकांना सांगितल्यावर त्यांचा सूर एकदम बदलला.

अर्जात परवान्याची हद्द विचारलेली असते, तिथे घाईने फक्त महाराष्ट्र लिहू नये. बांद्याच्या पलीकडे गोवा आहे आणि तिथल्या सामन्याला स्वतःचे पिस्तूल न्यायचे तर परवान्याची हद्द तिथपर्यंत असावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे, पण त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची सर्वसाधारण मर्यादा तीनवरून दोनवर आणली आहे. घरात आजोबांची काडतुसाची बंदूक वारसाने आपल्या नावावर येणार असेल, तर हा हिशेब आधी करावा. ज्याला एवढे थांबायचे नाही त्याने एअर पिस्तूल घ्यावे. ०.१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि १० मीटरचा सामना पावसाळ्यातही छताखाली खेळता येतो.

क्लबच्या पिस्तुलावर शिकणाऱ्यांसाठी हाताळणीच्या दोन गोष्टी. रिमफायर पिस्तुलाचा चाप रिकाम्या चेंबरवर (नळीत काडतूस बसते ती जागा) ओढू नये. आत काडतुसाची कड नसल्याने पिन थेट चेंबरच्या काठावर आदळू शकते आणि तो काठ चेपला की पिस्तूल अडकायला लागते. चापाचा सराव नकली काडतूस घालूनच करावा. आणि राउंड पेटला नाही तर पिस्तूल टार्गेटकडेच धरून तीस सेकंद थांबावे, मग रेंज ऑफिसरला हाक मारावी. आमच्या खाऱ्या हवेत मॅगझीनची स्प्रिंग सगळ्यात आधी गंजते, म्हणून सामना संपल्यावर नळीबरोबर तीही पुसून तेलाचा हलका हात फिरवावा. परदेशी बनावटीचे नवे सामन्याचे पिस्तूल लाखांच्या घरात जाते, त्यामुळे मी एका नेमबाजाचे वापरलेले पिस्तूल ठरवले आहे. अशा खासगी व्यवहारात विकणाऱ्याला आधी लेखी सूचना द्यावी लागते आणि ती दिल्यावर किमान ४५ दिवस थांबावे लागते. ती मुदत सध्या चालू आहे, तेव्हा या हिवाळ्यातले उरलेले सामने मी क्लबच्याच पिस्तुलावर, नेहमीच्या दुसऱ्या पाळीत खेळणार आहे.